क्रेन ‘पास’ झाली म्हणजे काय झालं?

मला फोन येतो तो बहुतेक वेळा परचेसवाल्यांचा. मेंटेनन्सचा माणूस क्वचित करतो, क्रेन चालवणारा तर कधीच नाही. पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “साहेब, लोड टेस्टचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. मंगळवारी ऑडिट आहे.” क्रेन किती टनांची, स्पॅन (दोन रुळांमधलं अंतर) किती, रोप (तारेचा दोर) शेवटचा कधी बदलला, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. त्याला तरी काय बोलणार? त्याला कागद आणायला सांगितलंय, तो कागद शोधतोय.

मी कोल्हापूरचा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, पलीकडे इचलकरंजी, सांगली-मिरज, आणि मधल्या उसाच्या पट्ट्यातले साखर कारखाने हा माझा फिरतीचा मुलूख. वजन उचलणारी यंत्रं तपासायची आणि त्यावर सही करायची हे काम. कायद्यात माझ्यासारख्याला ‘सक्षम व्यक्ती’ म्हणतात. घरी गॅसचा सिलिंडर बदलायची वेळ आली की बायको या पदवीची आवर्जून आठवण करून देते.

बऱ्याच लोकांच्या डोक्यात या कामाचं एक चित्र पक्कं बसलेलं आहे. दहा टनांची क्रेन असेल तर तिला साडेबारा टन लटकवायचे. पडलं नाही तर पास, सर्टिफिकेट घ्या, चहा प्या, पुढच्या वर्षी परत या. मालकांनाही हे आवडतं, कारण त्यात काहीतरी घडताना दिसतं. मी शिडी चढून वर जातो, रोपावरून चिंधी फिरवतो, ब्रेकचं झाकण उघडायला लावतो, तेव्हा मात्र खालून विचारणा सुरू होते, “साहेब, टेस्ट कधी सुरू करताय?” अहो, सुरूच आहे ती. मघापासून चाललीय तीच तर खरी.

हे माझ्या मनचं सांगत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम २९ काढून बघा. (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेनं घेतली, पण आमचं काम वर्षानुवर्षं याच कलमावर चाललं.) उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर आणि बाकीचं साहित्य यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी झाली पाहिजे, असं तिथं होतं. (माल किंवा माणसं नेणाऱ्या कारखान्यातल्या लिफ्ट आणि होइस्टसाठी वेगळं कलम होतं, २८ वं. तिथं मुदत सहा महिन्यांची.) कसून तपासणी म्हणजे काय, तेही त्या कायद्यानं सांगून ठेवलं होतं. डोळ्यांनी पाहणी करायची, गरज पडली तर इतर साधनांची जोड द्यायची, भाग उघडून बघायचे, परिस्थितीनुसार जितकं काळजीपूर्वक करता येईल तितकं करायचं, आणि हे सगळं कशासाठी, तर त्या भागांच्या सुरक्षिततेबद्दल भरवशाचा निष्कर्ष काढता यावा म्हणून. या व्याख्येत वजनाचं नावही नाही. उलट त्याच कलमात असंही होतं की सुरक्षित भारापेक्षा जास्त वजन उचलायचंच नाही, अपवाद फक्त चाचणीचा.

मग सव्वापट वजन लागतं कधी? यंत्र कारखान्यात पहिल्यांदा वापरायला घेताना. किंवा गर्डरला (क्रेनच्या आडव्या पोलादी तुळईला) वेल्डिंग झालं, क्रेन एका शेडमधून काढून दुसऱ्या शेडमध्ये बसवली, गिअरबॉक्स बदलला, असं काही मोठं झालं तर. अशा वेळी टाळायचं कारणच नाही. पण सगळं ठाकठीक असताना दरवर्षी हौसेनं सव्वापट वजन लटकवणाऱ्यांना मी परावृत्त करतो. प्रत्येक जादा भार गर्डरच्या वेल्डला, रोपाला, हुकाला काहीतरी देऊन जातो, आणि तो हिशोब कुठल्याही रजिस्टरात लिहिला जात नाही. वार्षिक तपासणीत क्षमतेइतकं वजन उचलून ब्रेक आणि लिमिट बघितले तरी मला हवं ते बरंचसं कळतं. बंदरांत आणि जहाजांवर रीत वेगळी आहे, तिथं दर पाच वर्षांनी वजन लावून चाचणी आणि दर वर्षी तपासणी असं चक्र आहे. तिथंही चाचणी आणि तपासणी या दोन गोष्टी दोनच ठेवल्या आहेत.

आता एका टेस्टचंच सांगतो. अलीकडे एका फाउंड्रीनं जुन्या शेडमधली दहा टनांची ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर चालणारी विजेवरची क्रेन) नव्या शेडमध्ये हलवली. म्हणजे सव्वापट टेस्ट करणं रास्तच. स्पॅन अठरा मीटर.

टेस्टचा पहिला तमाशा असतो तो वजनं जमवायचा. मालकाचा पोरगा, नुकताच धंद्यात आलेला, उत्साही. कोपऱ्यातला कास्टिंगचा ढीग दाखवून म्हणाला, “हे बारा टन आहेत की, साहेब. आरामात.” मी म्हटलं, काट्यावर न्या. ट्रकमध्ये भरून रस्त्यापलीकडच्या वजनकाट्यावर नेलं तर भरले नऊ टन तीनशे किलो. पोरगा वरमला, पण चूक त्याची एकट्याची नाही. लोखंडाच्या ढिगाचं वजन नजरेनं सांगणारे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत आणि सगळे तितक्याच ठामपणे सांगतात. काट्याची पावती हातात असल्याशिवाय किंवा हुकाला लोड सेल (वजन दाखवणारं उपकरण) अडकवल्याशिवाय मी वजन धरतच नाही. मोठ्या शहरांत पाण्याच्या पिशव्या मिळतात. रिकामी पिशवी हुकाला लावायची आणि पंपानं हळूहळू पाणी भरत जायचं. फार सोयीचं असतं, कारण वजन एकदम न येता चढत जातं, आणि मध्येच काही खटकलं तर थांबता येतं. आमच्याकडे अजून इनगॉट, कास्टिंग आणि काँक्रीटचे ठोकळे यांवरच भागतं.

आणखी एक. वजनं ज्या ट्रेमध्ये रचली तो ट्रे, ज्या स्लिंगनं, म्हणजे दोरानं किंवा पट्ट्यानं, बांधली त्या स्लिंगा, सगळं त्या साडेबारा टनांत धरायचं. आणि त्या स्लिंगाही साडेबारा टन पेलणाऱ्या हव्यात! क्रेनची परीक्षा घ्यायला निघालेले लोक कोपऱ्यातून उचललेल्या बेवारस रोपानं वजन बांधतात, हे पुष्कळदा पाहिलंय.

वजन लावण्याआधी रिकाम्या हुकाची कामं उरकून घ्यायची. हुक वर नेऊन लिमिट स्विच (हुक फार वर गेला की मोटर बंद करणारा) कापतोय का ते बघायचं, तेही आधी हातानं दांडी दाबून आणि मग हळू चालीनं. हुक अगदी खाली सोडल्यावर ड्रमवर निदान दोन वेढे शिल्लक राहतात का ते मोजायचं. मग क्रॅब (गर्डरवरून हुक घेऊन फिरणारी गाडी) एका टोकाला नेऊन, गर्डरच्या मध्याखाली जमिनीवर लेझर मीटर ठेवून पहिलं माप घ्यायचं. पूर्वी हेच काम ओळंबा आणि पट्टीवर व्हायचं. त्यातही चुकत नव्हतं, फक्त मान दुखायची.

सुरुवात दहा टनांनी. क्रॅब मध्यावर आणला, वजन जमिनीपासून वीतभर उचललं, परत माप. गर्डर तेरा मिलिमीटर वाकला होता. आमच्याकडे चालत आलेला हिशोब असा की क्षमतेइतक्या वजनाला गर्डरचा झोक स्पॅनच्या नऊशेव्या भागापेक्षा जास्त नसावा. अठरा मीटरला वीस मिलिमीटर. म्हणजे इथं ठीक. पण मला जास्त रस असतो तो वजन उतरवल्यानंतरच्या मापात. गर्डर जिथून निघाला तिथं परत आला पाहिजे. दोन मिलिमीटर मागेच राहिला तर गर्डर मुळात किती वाकला होता या आकड्याला काही अर्थ उरत नाही. मग टेस्ट तिथंच थांबवायची आणि शोध सुरू करायचा. इथं आला परत.

मग साडेबारा. या टप्प्याला शेडमधली गंमत संपते. आजूबाजूची मशीनं बंद, दोरी बांधलेली, मोबाईलवर व्हिडिओ काढायला आलेल्या दोघांना बाहेर काढलेलं. क्रेनवरचे मामा निवृत्तीला आलेले, केबिनमधून चालवायच्या काळातले. आता पेंडंट (क्रेनला लटकलेला बटणांचा डबा) हातात घेऊन खाली उभे होते. मी म्हटलं, “मामा, झटका नको.” ते म्हणाले, “तुमी कशाला काळजी करताय, हिची खोड मला ठावं हाय. उतरताना जरा ओढती.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आणि झालंही तसंच. वजन वर दहा मिनिटं धरलं, रोपावर खूण करून ठेवली होती, ती जागची हलली नाही. गर्डरचे वेल्ड पाहिले, एंड कॅरेजचे (गर्डरच्या टोकाच्या चाकांच्या चौकटीचे) बोल्ट पाहिले, सगळं स्वस्थ. पण उतरवताना मामांनी बटण सोडलं तेव्हा वजन थांबायच्या आधी जवळजवळ हातभर घसरलं. ब्रेक उघडला तर लायनिंगवर तेलाचा चकचकीत थर. गिअरबॉक्सचं ऑइल सील गेलं होतं. नव्या शेडमध्ये आणताना उघडलेला गिअरबॉक्स परत बसवताना जुनंच सील लावलं होतं. वजन तर तिनं पेललं होतं. लोकांच्या डोक्यातल्या व्याख्येनं क्रेन पास होती. पण फाउंड्रीत ती उचलणार होती वितळलेल्या लोखंडानं भरलेलं लेडल, म्हणजे मोठी बादली, आणि लेडल हातभर घसरलं म्हणजे काय होतं ते फाउंड्रीवाल्यांना मी सांगायला नको. सील बदलून, लायनिंग नवं टाकून, परत तीच टेस्ट केली आणि मगच सही केली. मालकांचा दोन दिवस धंदा बुडाला. ते माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

मामांचं वाक्य मात्र कुठल्याच फॉर्मात बसत नाही. सर्टिफिकेटवर चालवणाऱ्याचं म्हणणं लिहायला रकाना नाही. माझ्या अनुभवात निम्मे दोष चालवणाऱ्याला आधीच माहीत असतात. “जरा ओढती”, “डावीकडं गेली की कुरकुर करती”, “सकाळी थंड असताना पहिल्यांदा उचलत न्हाई”. त्याला कुणी विचारत नाही एवढंच. मी गेल्या गेल्या आधी त्यालाच गाठतो.

याच टेस्टमधली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार ठिकाणी दिसते. हल्लीच्या क्रेनला ओव्हरलोड लिमिटर असतो. ठरवलेल्या वजनाच्या वर गेलं की उचलणं बंद. साहजिकच सव्वापट टेस्ट करायची तर तो तात्पुरता बाजूला करावा लागतो. इलेक्ट्रिशियन पॅनलमध्ये एक वायर टाकून ‘डायरेक्ट’ मारतो. टेस्ट होते, टाळ्या वाजतात, सगळे जेवायला जातात, आणि ती वायर तिथंच राहते. सुरक्षेची म्हणून केलेली टेस्ट संपल्यावर क्रेन आधीपेक्षा जास्त धोकादायक! म्हणून माझी शेवटची सही व्हायच्या आधी पॅनल परत उघडलं जातं आणि लिमिटर खरंच कापतो हे वजन लावून बघितलं जातं. जेवण थंड झालं तरी चालेल.

टेस्टच जिवावर बेतू शकते हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी विशाखापट्टणमचं नाव पुरेसं आहे. १ ऑगस्ट २०२० रोजी हिंदुस्तान शिपयार्डमध्ये एक मोठी क्रेन चाचणी चालू असतानाच कोसळली आणि ११ माणसं गेली. चाचणी म्हणजे यंत्राबद्दल आपल्याला शंका आहे अशी वेळ. ज्याबद्दल शंका आहे त्याच्या खाली किंवा आसपास गर्दी कशाला हवी? कंपनीचे साहेब लोक कौतुकानं अगदी वजनाशेजारी फोटोला उभे राहतात तेव्हा मी टेस्ट थांबवतो. एकदा एका पाहुण्यांना फार राग आला होता. येऊ दे.

आता हुकाच्या खाली येऊ. खरी भानगड तिथं आहे. क्रेन लाखो रुपयांची असते, तिला पाहणारं कुणीतरी असतं. तिच्या खालचा बेल्ट, शॅकल, आयबोल्ट या बांधायच्या-अडकवायच्या साहित्याला मायबाप नसतो. कारखाने अधिनियमानं दोन्ही एकाच कलमात घातले होते. स्लिंगेवर सुद्धा सुरक्षित भार आणि ओळखक्रमांक पाहिजे, नाहीतर तसा तक्ता भिंतीवर दिसेल असा लावलेला पाहिजे. किती शेडमध्ये तो तक्ता आहे? जिथं आहे तिथं तो बहुधा ऑफिसच्या दारामागे आहे.

बेल्टचं सोपं आहे, रंगावरून कळतं. पॉलिस्टरचा जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. हा हिशोब सरळ उभ्या उचलीचा. गळफास घालून उचललं तर क्षमता साधारण ऐंशी टक्क्यांवर येते. लेबल फाटलं असेल, कडा कातरली असेल, मध्ये गाठ मारली असेल, तर तो बेल्ट कापून टाकायचा. कापून म्हणतोय, कारण नुसता बाजूला ठेवलेला बेल्ट रात्रपाळीत परत कामाला लागतो. आणि पॉलिस्टरचं शंभर अंशांच्या वर काही खरं नाही, तरी फाउंड्रीत गरम कास्टिंगला बेल्ट गुंडाळणारे महाभाग आहेत. विचारलं तर म्हणतात, “साखळीनं जॉबला व्रण पडतात.”

कोनाचं गणित तर इंजिनिअरही विसरतात. दोन टनांचा जॉब दोन पायांच्या स्लिंगेनं उचलायचा आहे. दोन्ही पाय उभे असतील तर प्रत्येकावर एक टन. पाय जमिनीशी ६० अंशांत आले की प्रत्येकावर साधारण १.१५ टन. ४५ अंशांत १.४१. ३० अंशांपर्यंत पसरले की प्रत्येक पायावर पूर्ण दोन टन! जॉब तोच, क्रेन तीच, आणि स्लिंगेवरचा ताण दुप्पट. शेडमध्ये कोनमापक घेऊन कुणी फिरत नाही, म्हणून मी पोरांना एवढंच सांगतो की दोन कड्यांमधलं अंतर स्लिंगेच्या एका पायाच्या लांबीपेक्षा जास्त दिसलं की थांबा आणि लांब स्लिंग आणा. अंतर आणि पाय सारखे असतील तर बरोबर साठाचा कोन होतो. हे त्यांच्या लक्षात राहतं. साइन-कोसाइन राहत नाही, आणि राहायची गरजही नाही.

रोपाची तपासणी मला मनापासून आवडते. हातमोजा घालायचा, सुती चिंधी रोपाभोवती धरायची आणि हलक्या हातानं सरकवत जायचं. तुटलेली तार असली की चिंधी अडते. तिथं खडूनं खूण. मग त्या भागात, रोपाच्या व्यासाच्या सहापट आणि तीसपट लांबीत किती तारा तुटल्यात ते मोजायचं, व्हर्नियरनं व्यास बघायचा. सगळ्यात वाईट जागा ठरलेल्या असतात: पुलीवरून सतत जाणारा भाग, ड्रमवर थर बदलतो तो भाग, आणि टोकाची पकड. यू-बोल्ट क्लिपा निम्म्या ठिकाणी उलट्या असतात. क्लिपेचा खाचांचा ठोकळा ताण घेणाऱ्या दोरावर बसायला हवा आणि यू रिकाम्या शेपटीवर. उलट लावली की यू ताणाच्या दोराला चावते.

तारांचा रोप आला तो १८३४ साली, जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींमधून. तिथला विल्हेल्म आल्बर्ट नावाचा खाण अधिकारी तुटणाऱ्या साखळ्यांना कंटाळला होता. साखळीची एक कडी गेली की सगळं गेलं, आणि ती जाण्याआधी काही सांगत नाही. रोपात सहा पेडांत छत्तीस-छत्तीस तारा धरल्या तर २१६ होतात. एक तुटली, दोन तुटल्या, तरी बाकीच्या भार धरतात आणि तुटक्या तारा वर डोकं काढून दिसत राहतात. म्हणजे रोप बिचारा आधी सूचना देतो. ती घ्यायला तिथं कुणी चिंधी घेऊन गेलं पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा. सव्वापट टेस्टमध्ये दहा-पंधरा तारा तुटलेला रोपही बिनबोभाट पास होतो, कारण नव्या रोपात मुळात पाचपट ताकद धरलेली असते. टेस्टनं कळतं की आज तुटला नाही. किती उरलाय ते चिंधी सांगते.

हुकाचंही तसंच. नवा हुक आला की तोंडाच्या दोन बाजूंना पंचनं दोन ठिपके मारून घ्यायचे आणि त्यांच्यातलं अंतर रजिस्टरात लिहून ठेवायचं. पुढं दर वर्षी तेच मोजायचं. अंतर वाढत चाललं असेल तर हुकावर कुणीतरी कधीतरी नको ते वजन टाकलंय, मग तोंडानं कितीही नाही म्हणोत. वाढ दहा टक्क्यांवर गेली की हुक बाद. तो गरम करून, ठोकून परत मिटवून आणलेला हुक मी पाहिलेला आहे. वर रंगही दिला होता, पिवळाधमक. पंचचे ठिपके मात्र त्या ठोकाठोकीत चपटे झाले होते.

साखर कारखान्यांची तऱ्हा निराळी. तिथं क्रेन तपासायचा काळ म्हणजे ऑफ सीझन, पावसाळा ते दसरा. मोळीपूजनाच्या आधी सगळं आवरायचं असतं. गव्हाणीवर ऊस उतरवणाऱ्या क्रेन हंगामात रात्रंदिवस राबतात. त्यांचे रोप झिजतात हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे ते वेळेवर बदललेही जातात. मला भीती वाटते ती मिल हाउसमधल्या मोठ्या क्रेनची. ती हंगामभर जवळजवळ उभीच असते. वर भुसा साचतो, रसाची वाफ लागते, त्याचा चिकट काळा लेप तयार होतो. मग हंगाम संपला की एकदम तिच्याकडून मिलचा रोलर उचलायची अपेक्षा. महिनोन्महिने न हललेल्या क्रेनचं पहिलंच काम सगळ्यात जड! तो लेप खरवडून बघितल्याशिवाय खालचा गंज दिसत नाही. मी खरवडायला सांगतो तेव्हा चीफ इंजिनिअर म्हणतात, “रंग खराब होईल.” कुठला रंग, हे मी विचारत नाही.

हायड्रावर (चाकांवरच्या फिरत्या क्रेनवर) लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. थोडक्यात एवढंच की बूमवर (तिच्या लांब होणाऱ्या हातावर) रंगवलेला टनांचा आकडा हा बूम आखूड आणि वजन अगदी जवळ असतानाचा असतो. बूम लांबवली, वजन पुढं गेलं, की आकडा भराभर खाली येतो, आणि वजन लटकवून गाडी वळवली की आणखी. भार-तक्ता ड्रायव्हरच्या समोर असायला हवा. मी मागितला तर एकानं मला मालकाचा मोबाईल नंबर दिला. गेटवर मात्र प्रत्येक हायड्राकडे टेस्ट सर्टिफिकेट असतं. एका साइटवर मी दोन गाड्यांची सर्टिफिकेटं शेजारी ठेवून पाहिली. तारीख एक, लोड सेलवरचं वजन किलोपर्यंत एक, अगदी ‘शेरा’ मधली शुद्धलेखनाची चूकही एक. फक्त गाडीचा नंबर वेगळा. दोन्ही गाड्या मी गेटबाहेर थांबवल्या. गाड्यांच्या मालकाचा फोन आला, “दोन हजारात सगळीकडे मिळतंय की ओ, तुम्हीच एवढं काय धरून बसलाय?”

मिळत असेल. २०२३ मध्ये ३१ जुलै आणि १ ऑगस्टच्या मधल्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारं अजस्र यंत्र कोसळून २० माणसं गेली. त्या घटनेच्या कारणांवर मी इथं बसून बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्यानंतर काही महिने माझा फोन वेगळा वाजायचा. “साहेब, जरा नीट बघून द्या,” असं लोक आपणहून म्हणायचे. मेंटेनन्सवाले स्वतः फोन करायचे. मग हळूहळू परत परचेसवाले, परत मंगळवारचं ऑडिट.

तर ज्यांना मला बोलवायचं असेल त्यांना एवढं आधीच सांगून ठेवतो. क्रेनपर्यंत जायची शिडी आणि वर धरायला कठडा असू द्या. ब्रेकची आणि ड्रमची झाकणं उघडता येतील असा फिटर सोबत द्या, आणि त्याच्याकडे पाने असू द्या. मागच्या वर्षीचा रिपोर्ट काढून ठेवा, त्यात मी लिहिलेल्या सूचनांचं काय केलं ते मी पहिल्यांदा विचारणार आहे. शेडमधले सगळे बेल्ट, शॅकल, साखळ्या एका ठिकाणी आणून ठेवा, कपाटामागचे सुद्धा. रोज क्रेन चालवतो तो माणूस त्या दिवशी रजेवर नको. वजनं काट्यावरून पावतीसकट येऊ द्यात. आणि सर्टिफिकेट त्याच दिवशी संध्याकाळी पाहिजे असेल तर सकाळी साडेनऊला नको, सातला बोलवा.